सभासदांची यादी डेडस्टॉक रजिस्टरला चढवा

साताऱ्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघानं कोविडच्या पहिल्या टाळेबंदीत फार मोलाचं काम केलं. घरात एकटे राहणारे सभासद कोण, त्यांना औषधं कोणती लागतात, मुलं कुठं असतात, अडीअडचणीला फोन कुणाला करायचा, ही सगळी माहिती विचारून त्यांनी एक यादी केली. त्या यादीच्या जोरावर तरुण कार्यकर्त्यांनी गोडोलीपासून शाहूपुरीपर्यंत घरोघर इन्सुलिन आणि रक्तदाबाच्या गोळ्या पोचवल्या. टाळेबंदी उठली, पण यादी एका पदाधिकाऱ्याच्या घरच्या लॅपटॉपवर तशीच राहिली. पुढं संघात दोन गट पडले, निवडणूक चुरशीची झाली आणि ते पदाधिकारी बाहेर पडले. काही महिन्यांनी सभासदांच्या दारात चुंबकीय गादी विकणारे विक्रेते उभे राहू लागले. तेही नेमके एकट्या राहणाऱ्यांच्या दारात, कामवाली बाई निघून गेल्यावरच्या वेळेला. ‘काका, शुगर अजून कमी येत नाही ना?’ अशी त्यांची सुरुवात असायची.

माहिती संघातूनच गेली, हे कशावरून? यादी टाइप करताना एका सभासद बाईंच्या आडनावात चूक झाली होती. ‘निकम’चं ‘निकाम’ झालं होतं. बँकेचं पासबुक, गॅसचं कार्ड, मतदार यादी, लाइटबिल, सगळीकडे त्यांचं आडनाव बरोबर आहे. गादीवाल्यांच्या माहितीपत्रकाच्या लिफाफ्यावर मात्र ‘श्रीमती निकाम’ असं छापलेलं होतं. तो लिफाफा मी हातात घेऊन पाहिला आहे. संस्थांची धर्मादाय कार्यालयातली कामं पाहणं हा माझा व्यवसाय असल्यामुळं संघाची मंडळी माझ्याकडे आली होती. त्यांच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी जे वाक्य उच्चारलं ते मी नंतर इतर संस्थांतही ऐकलं: ‘नंबरच गेलेत ना, पैसे तर नाही गेले.’

मला हे वाक्य अजिबात मान्य नाही. आपण एकटे राहतो आणि आपल्याला साखरेचा आजार आहे, ही गोष्ट त्या बाईंनी शेजारणीलाही सांगितली नसेल. संघाला सांगितली, कारण संघ मदतीला येणार होता. ज्या विश्वासानं दार उघडलं तोच विश्वास दारात सौदा करायला वापरला गेला. गादी घेतली की नाही, पैसे गेले की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. पण तो हक्क साताऱ्यातल्या संघाच्या सभासदाच्या हाताला लागायचा असेल तर त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पेलेल असा एखादा उपाय हवा. आज असे उपाय आहेत, पण ते विखुरलेले आहेत. त्यांतले बरेचसे संस्थेला मिळतात, सभासदाला थेट मिळत नाहीत. आणि संस्था स्वतःची यादी डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे आपल्या वस्तूंच्या नोंदवहीत, स्वतःची मालमत्ता म्हणून लिहूनच ठेवत नाही, त्यामुळं जे उपाय आहेत त्यांनाही धार राहत नाही.

पोलिसांकडे जावं का? जावं, पण कशासाठी जातो आहोत हे ठरवून जावं. संघाच्या सभासदांपैकी दोघे एका पोलीस ठाण्यात गेले होते. त्यांना विचारलं गेलं, ‘गादी मिळाली ना? मग तक्रार कसली?’ ते निरुत्तर होऊन परत आले. खरं तर त्यांच्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं. विक्रेत्यानं ‘मी संघाकडूनच आलोय’ असं सांगितलं असेल तर ती तोतयेगिरी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१९. खोटं सांगून पैसे घेतले असतील तर फसवणूक, कलम ३१८. गादीनं मधुमेह बरा होतो अशी जाहिरात असेल तर १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे, त्यात मधुमेहाचं नाव घालून दिलेलं आहे. तक्रार घ्यायला नकार मिळाला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करता येतो, तिथंही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर हे सगळं बाजूला ठेवून आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक फिरवावा. तिथं मिनिटांना किंमत असते, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवायचा असतो. नुसते विक्रीचे फोन येत असतील तर १९०९ वर सात दिवसांच्या आत तक्रार नोंदवता येते.

पण पैसे गेलेले नाहीत, धमकी नाही, तोतया नाही, फक्त यादी गेली आहे, असं असेल तर वाट अरुंद होते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय त्या संगणकातून माहिती उतरवून घेणं, तिची नक्कल करणं, याबद्दल नुकसानभरपाई सांगितली आहे. तेच अप्रामाणिक हेतूनं केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वाचताना वाटतं, हेच आपलं कलम. प्रत्यक्षात पहिला प्रश्न येतो की संगणक कुणाचा? लॅपटॉप त्या पदाधिकाऱ्याचा स्वतःचा. यादी त्यानंच टाइप केलेली. परवानगी त्याला संघानंच दिलेली. आणि यादी जर छापील स्मरणिकेतून उचलली असेल तर संगणकाचा संबंधच उरत नाही. भरपाईचा अर्ज ऐकणारे निर्णय अधिकारी म्हणजे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव. ते मुंबईला मंत्रालयात बसतात. साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून अडीचशे किलोमीटर लांब जाऊन आपल्या एका फोन नंबरची किंमत सांगायला कोणता पेन्शनर जाईल?

त्याच कायद्यातलं कलम ७२-अ एका वेगळ्या माणसाला नीट लागू पडतं. करारानं सेवा देताना हाती आलेली माहिती, गैरफायद्यासाठी किंवा नुकसान होईल हे माहीत असून, संमतीशिवाय दुसऱ्याला देणं हा त्यात गुन्हा आहे. स्मरणिका लावणारा डीटीपीवाला, संस्थेचं सॉफ्टवेअर किंवा अ‍ॅप बनवून देणारा, सभासदांना एसएमएस पाठवायचं कंत्राट घेणारा, हे सगळे या कलमात येऊ शकतात. आपल्याकडे छापखान्यात प्रूफं तपासायला जाणारा माणूस शेवटच्या प्रुफातली वेलांटीसुद्धा सोडत नाही. पण काम झाल्यावर ‘आमची फाइल पुसून टाका’ असं कुणी म्हणत नाही. तेवढी एक ओळ ऑर्डरच्या कागदावर लिहिली तर कलम ७२-अ उभं राहायला पाया मिळतो.

आता ज्या कायद्याकडे सगळे आशेनं बघत आहेत त्याकडे येते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. हा कायदा फक्त मोठ्या कंपन्यांसाठी आहे असा समज पसरला आहे, तो चुकीचा आहे. त्यातल्या ‘व्यक्ती’च्या व्याख्येत नोंदणी झालेली वा न झालेली कोणतीही मंडळी, संघ, संस्था येतात. आपली संस्था ना-नफा आहे म्हणून सूट नाही. सभासदानं ज्या कामासाठी माहिती दिली त्याच कामासाठी ती वापरायची, सुरक्षित ठेवायची, काम संपलं की काढून टाकायची, आणि माहिती फुटली तर प्रत्येक सभासदाला कळवायचं, अशी जबाबदारी संस्थेवर येणार आहे. माहिती फुटणं म्हणजे फक्त हॅकरचा हल्ला असंही नाही. अधिकार नसताना केलेला कोणताही वापर त्या व्याख्येत बसतो. माजी पदाधिकाऱ्यानं पेन ड्राइव्हवर नेलेली यादीही त्यात आली.

इथपर्यंत सगळं चांगलं आहे. माझा राग पुढच्या भागावर आहे. माहिती सुरक्षित न ठेवल्याबद्दल या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तो सगळा भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्या सभासदाची माहिती गेली त्याला एक रुपयाही द्यायची तरतूद नाही. उलट त्यानं खोटी किंवा उथळ तक्रार केली असं ठरलं तर त्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ४३-अ भरपाई देत होतं. तेही नव्या कायद्यानं वगळलं आहे, मे २०२७ पासून ते जाणार. अर्थात संघाच्या सभासदाला ४३-अ चा आधारही अर्धवटच होता. ते कलम व्यापारी किंवा व्यावसायिक काम करणाऱ्या मंडळींपुरतं आहे, आणि त्याच्या २०११ च्या नियमांत ‘संवेदनशील’ माहितीत पासवर्ड, बँकेचे तपशील, आजारपण, लैंगिक कल, बायोमेट्रिक एवढंच येतं. नाव, पत्ता, फोन त्यात नाहीत. म्हणजे सभासद आधी जुन्या कायद्याच्या कुंपणाबाहेर होता, आणि नव्या कायद्याच्या कुंपणात त्याला घेतलं तेव्हा भरपाईच काढून टाकली.

शिवाय या नव्या कायद्यानं नेमलेल्या डेटा संरक्षण मंडळाच्या अधिकारातल्या विषयांत दिवाणी न्यायालयाला हात घालता येणार नाही, असं त्याचं कलम ३९ म्हणतं. संस्थेविरुद्ध सभासदानं मनाई हुकूम मागितला की समोरचा वकील पहिल्याच तारखेला हे कलम दाखवणार. संसदेनं भरपाईचा हक्क परत आणला पाहिजे, आणि दिवाणी न्यायालयाची वाट कुठवर खुली आहे हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. फुटलेल्या माहितीचा पूर्ण त्रास एका माणसानं सोसायचा आणि दंडाची पूर्ण रक्कम सरकारनं घ्यायची, याला मी न्याय म्हणू शकत नाही.

मग आज, साताऱ्यात, सभासदाला सर्वांत जवळचं दार कोणतं? माझ्या मते धर्मादाय कार्यालयाचं. संस्थांच्या कार्यालयात भिंतीवर बहुतेक ठिकाणी दोन प्रमाणपत्रं फ्रेम करून लावलेली असतात. एक १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचं, दुसरं १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं. या दोन जुन्या कायद्यांत इंटरनेटचा उल्लेख असणं शक्य नाही. तरीही आपल्या प्रश्नाला ते नव्या कायद्यांपेक्षा जास्त जवळ आहेत. १८६० च्या कायद्याचं कलम १० सांगतं की संस्थेची मालमत्ता नियमांविरुद्ध स्वतःकडे ठेवणाऱ्या सभासदावर संस्था दावा करू शकते. कलम ११ सांगतं की संस्थेच्या मालमत्तेची चोरी किंवा अपहार करणाऱ्या सभासदाला परक्या माणसासारखीच शिक्षा होईल. ‘मी पण संस्थेचाच आहे, यादी मीच केली’ हा बचाव दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच बंद झालेला आहे.

विश्वस्त कायद्यात नोंदणीकृत संस्थेचा कोणताही सभासद ‘हितसंबंधी व्यक्ती’ मानला जातो, त्यामुळं अर्ज करायला त्याला पदाधिकारी असावं लागत नाही. विश्वस्तानंच यादी विकली असेल तर कलम ४१-ड खाली त्याला निलंबित करायला किंवा काढून टाकायला सांगता येतं. विश्वस्ताकडून वा इतर कुणाकडूनही संस्थेची मालमत्ता वाया जाण्याचा, बिघडण्याचा किंवा गैररीतीनं दुसऱ्याच्या हाती जाण्याचा धोका असेल तर दोन हितसंबंधी व्यक्तींनी प्रतिज्ञापत्रासह अर्ज करून कलम ४१-ई खाली मनाई आदेश मागता येतो. ‘इतर कुणाकडूनही’ हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्या प्रकरणातला माणूस आता विश्वस्त राहिलेला नाही.

पण या सगळ्या कलमांचा जीव एका प्रश्नात आहे: यादी ही संस्थेची मालमत्ता आहे का? आणि इथंच आपल्या संस्था उघड्या पडतात. डेडस्टॉक रजिस्टर काढून बघा. त्यात खुर्च्या असतात, सतरंज्या असतात, माइक, ॲम्प्लिफायर, गोदरेजचं कपाट, चहाची मोठी किटली, भिंतीवरचं घड्याळ, सगळं अनुक्रमांकासह असतं. त्या संघाच्या रजिस्टरमध्ये मी एका तुटलेल्या पंख्याची नोंदही वाचली, ‘नादुरुस्त’ असा शेरा मारून. सभासद यादी कुठंच नव्हती. निवडणुकीनंतर चार्ज देण्याघेण्याचा कागद झाला होता, त्यावर शिक्के, चेकबुक, पावती पुस्तकं, किल्ल्या, इतिवृत्ताच्या वह्या आणि बाहेर पडणाऱ्यांच्या सह्या होत्या. लॅपटॉपवरच्या यादीचं काय केलं, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी लिहिलं नाही. आता धर्मादाय आयुक्तांपुढं किंवा कोर्टापुढं ‘ही आमची मालमत्ता’ म्हणून उभं राहायचं तर हातात कागद कोणता दाखवणार?

दिवाणी कोर्टातही अडचण हीच आहे. विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ३८ प्रमाणं यादीचा वापर थांबवण्याचा कायमचा मनाई हुकूम मागता येतो, कलम ३९ प्रमाणं प्रती परत करायला आणि नष्ट करायला लावता येतं, आणि दावा चालू असताना तात्पुरती मनाई मिळवता येते. गोपनीय म्हणून दिलेली माहिती त्या हेतूबाहेर वापरू नये, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी मानलेलं आहे. १९९५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं बर्लिंग्टन होम शॉपिंगच्या प्रकरणात नोकरी सोडताना ग्राहकांची यादी घेऊन गेलेल्या माणसाला रोखलं होतं आणि त्या यादीला कॉपीराइट कायद्याचं संरक्षण आहे असं म्हटलं होतं. त्यावर फार विसंबू नये. २००७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात नुसत्या मेहनतीवर कॉपीराइट मिळत नाही, थोडी तरी निर्मिती लागते, असं ठरवलं. अकारविल्हे लावलेल्या नावांत ती दाखवणं कठीण आहे. म्हणून दावा गोपनीयतेच्या भंगावर उभा करावा, आणि त्यासाठी माहिती गोपनीय होती हे दाखवणारा कागद हवा. वरच्या कोर्टाचा प्रवास आता पूर्वीइतका जड नाही, ही आपल्या भागाला मिळालेली मोठी सोय आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, आणि सातारा, सांगली दोन्ही जिल्हे त्यात आहेत.

दाव्याआधी नोटीस द्यावी. बहुतेक वेळा काम तिथंच होतं, कारण समोर साताऱ्यातलाच माणूस असतो. नोटिशीत चार गोष्टी मागाव्यात: वापर थांबवा, सगळ्या प्रती द्या, यादी कुणाकुणाला दिली त्यांची नावं सांगा, आणि हे सगळं प्रतिज्ञापत्रावर द्या. तिसरी मागणी सर्वांत मोलाची आहे. ती मिळाली नाही तर यादी पुढं कुठवर गेली हे कळणारच नाही. पुराव्याचंही तसंच. रागाच्या भरात मंडळी विक्रेत्याचा मेसेज दहा ग्रुपवर पाठवतात आणि मग मूळ मेसेज पुसतात. मूळ मेसेज ज्या फोनवर आला तो फोन तसाच ठेवावा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं त्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं. लिफाफा आला असेल तर पोस्टाच्या शिक्क्यासह जपून ठेवावा.

ग्राहक आयोगाची वाट फारच कमी लोकांना माहीत आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ग्राहकानं विश्वासानं दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याबाहेर दुसऱ्याला देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. वर्गणी भरून सेवा घेणारा वाचनालयाचा किंवा व्यायामशाळेचा सभासद ग्राहक आहे असा युक्तिवाद करता येतो, समोरून हरकत येणारच. जिल्हा आयोग साताऱ्यातच आहे, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात फी नाही, आणि दोन वर्षांची मुदत आहे. कायद्यानं एकट्या सभासदाच्या हातात थेट भरपाई पडू शकेल अशा ज्या थोड्या वाटा आहेत, त्यांत ही मला सर्वांत सोयीची वाटते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथं उत्पन्नाची अट नाही.

इथं एक हरकत आहे, आणि ती मी हलकी मानत नाही. सातारा-सांगलीचं सार्वजनिक आयुष्य संस्थांवर उभं आहे. १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था स्थापन झाली तेव्हापासून आजच्या पतसंस्था, दूध संघ, वाचनालयं, नाट्यमंडळांपर्यंत. या संस्थांत सत्ता टिकवायचा सोपा मार्ग म्हणजे सभासद कोण आहेत हे विरोधकांना कळूच न देणं. यादी कपाटात कुलूपबंद ठेवायची, मतदार ऐनवेळी जाहीर करायचे, मयतांची नावं तशीच ठेवायची. गोपनीयतेचं नाव पुढं केलं तर या लोकांच्या हाती आणखी एक हत्यार येईल, असं अनेक कार्यकर्ते म्हणतात. त्यांची भीती खरी आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(जे) नोव्हेंबर २०२५ मध्ये बदललं. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना त्या कलमातच व्यापक जनहिताचा अपवाद होता, आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच कारण पुरेसं आहे. कलम ८(२) मधला जनहिताचा तोल शिल्लक आहे, पण तो मागणाऱ्यानं भांडून मिळवायचा.

म्हणून रेघ कुठं ओढायची हे आपणच नीट ठरवलं पाहिजे. सहकारी संस्थांच्या कायद्याचं कलम ३२ सभासदाला सभासदांचं रजिस्टर कार्यालयात बसून विनामूल्य पाहायचा हक्क देतं. तो हक्क राहिलाच पाहिजे, आणि धर्मादाय संस्थांतही तो असला पाहिजे. कोण सभासद आहे, कधी झाला, वर्गणी भरली का, मतदानाला पात्र आहे का, ही माहिती संस्थेच्या लोकशाहीची आहे. ती लपवणारा पदाधिकारी दोषी. पण त्या माणसाचा फोन, जन्मतारीख, आजार, तो एकटा राहतो ही गोष्ट निवडणुकीला लागत नाही. ती मदतीसाठी दिली होती, आणि मदत करणाऱ्या दोघातिघांपलीकडे ती जाऊ नये. एकाच एक्सेलमध्ये दोन्ही रकाने शेजारीशेजारी ठेवले की एकतर सगळं लपतं किंवा सगळं उघडं पडतं. दोन वेगळी रजिस्टरं ठेवली तर विरोधी गटालाही हक्कानं यादी बघता येईल आणि निकमबाईंच्या साखरेचा आकडाही जागच्या जागी राहील.

ही गोष्ट फक्त ज्येष्ठ नागरिक संघांची नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा मंडळांनी, तालमींनी, महिला बचत गटांनी पूरग्रस्तांच्या याद्या केल्या. नाव, कुटुंबातली माणसं, आधार क्रमांक, बँक खातं. त्या दिवसांत कुणी संमतीपत्र भरून घ्यावं असं मी म्हणणार नाही. पाण्यात अडकलेल्या माणसापर्यंत बोट पोचवणं हेच काम होतं. पण पाणी उतरल्यावर त्या याद्यांचं काय करायचं, हे ठरवण्याची जबाबदारी कुणाची, याची घडी आपण आजही बसवलेली नाही. माजी सैनिकांच्या संघटनांकडे पेन्शनरांची माहिती असते. रक्तदात्यांच्या सूचीत रक्तगटाबरोबर पत्ता असतो. वधू-वर सूचक मंडळांच्या पुस्तकात मुलींचे फोटो, पगार आणि घरचा नंबर छापलेला असतो, आणि ते पुस्तक मेळाव्यानंतर रद्दीत जातं. त्या नंबरवर रात्री-बेरात्री फोन आले तर तो पाठलागाचा गुन्हा होऊ शकतो, न्याय संहितेचं कलम ७८. पण तिथवर वेळ येऊ देणं हेच मुळात संस्थेचं अपयश आहे.

संस्थांनी काय करावं, ते फार अवघड नाही. घटनेत एक नियम घालावा की सभासदांची माहिती ही संस्थेची गोपनीय मालमत्ता आहे, ती कोणत्या कामासाठी वापरायची ते सभासद ठरवतील, आणि पद सोडणाऱ्यानं सात दिवसांत सगळ्या प्रती परत करून पुसल्याचं लेखी द्यावं. सभासद अर्जावर माहिती कशासाठी घेतो ते मराठीत, मोठ्या अक्षरांत छापावं. चार्जच्या कागदावर किल्ल्यांच्या खाली यादीची ओळ असावी, आणि यादी डेडस्टॉक रजिस्टरला चढवावी, किती प्रती, कुणाकडे, हे लिहून. माहिती फुटल्याचं कळलं की कार्यकारिणीची सभा होईपर्यंत थांबू नये, त्याच दिवशी सभासदांना फोन करावेत. त्या संघानं अब्रूच्या भीतीनं हे लांबवलं, आणि त्या दिवसांत आणखी काही घरांत गाद्या गेल्या. धर्मादाय आयुक्तालयानं असा आदर्श नियम तयार करून सर्व संस्थांना पाठवला, तर प्रत्येक संघाला आपापला वकील शोधत बसावं लागणार नाही. मे २०२७ ला हा कायदा लहान संस्थांवर एकदम कोसळण्याआधी ते झालं पाहिजे, कारण दंडाची भीती आधी छोट्यांनाच वाटते आणि ते यादी ठेवणंच सोडून देतील. मग पुढच्या टाळेबंदीत इन्सुलिन पोचवायचं कुणाकडे, हेच कळणार नाही.

वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय’ असतात. हा विषय त्यात ढकलू नका. घटनादुरुस्तीचा मसुदा सभेच्या नोटिशीबरोबर आधी पाठवावा लागतो, नाहीतर मंजूर झालेली दुरुस्ती हरकत आल्यावर टिकत नाही. नोटीस काढायची मुदत आपापल्या घटनेत पाहा आणि कार्यकारिणीच्या पुढच्याच बैठकीत मसुदा मांडा. पदाधिकारी मांडत नसतील तर सभासदांनी सह्यांचा अर्ज देऊन मांडायला लावा.